अ‍ॅडम स्मिथ व्यापाऱ्यांचा वकील नव्हता

दिवाळीच्या आगेमागे वऱ्हाडातल्या जानेफळ-मेहकर पट्ट्यात सोयाबीनची आवक वाढते, भाव उतरतो आणि एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बाजार आहे तो, त्यात कोणी हात घालू नये, अ‍ॅडम स्मिथनंच सांगून ठेवलंय.’ स्मिथचं एक पानही न उलटलेले लोक हे शपथेवर सांगतात. त्यांच्या म्हणण्यानुसार स्मिथच्या मते स्वार्थ हीच समाजाची किल्ली, व्यापाऱ्याचा नफा तोच देशाचा नफा आणि सरकारनं स्वस्थ बसावं. यातलं पहिलं अर्धवट आहे, उरलेली दोन्ही चूक.

स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत होता. त्याच्या 1759 च्या पहिल्या ग्रंथाची सुरुवातच अशी की माणूस कितीही स्वार्थी असो, दुसऱ्याच्या सुखदुःखाशी त्याचं मन बांधलेलं असतं. 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये देवाणघेवाण का होते, हे सांगताना त्यानं स्वार्थाचा आधार घेतला, हे खरं. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात तो बजावतो की एकाच धंद्यातले लोक सहज गप्पांना जमले तरी बोलणं शेवटी भाव चढवण्याच्या कटावर येतं, मजुरी वाढू नये म्हणून मालकांची एकी मुकाट चालूच असते आणि व्यापारीवर्गानं सुचवलेला कायदा फार संशयानं तपासावा. ईस्ट इंडिया कंपनीवर तर त्यानं आसूडच ओढला. न्यायव्यवस्था, रस्ते-पूल, गरिबांच्या मुलांचं शिक्षण ही कामं त्यानं सरकारवरच सोपवली. बहुसंख्य माणसं दरिद्री असतील तर तो समाज भरभराटीचा म्हणता येत नाही, हे त्याचंच मत. आणि तो गाजलेला ‘अदृश्य हात’ त्या जाडजूड ग्रंथात येतो फक्त एकदा.

यावर आक्षेप येईल की मग स्मिथला हमीभावाच्या बाजूनं उभं करायचं का? तेही नाही. सरकारनं भाव ठरवणं त्याला मान्य नव्हतं. धान्याच्या साठेबाजांची भीती त्याला चेटकिणीच्या भीतीसारखी वाटे. पण भाव बांधून देणं वेगळं आणि काटा खरा, हर्रास उघडी ठेवणं वेगळं. हा फरक वऱ्हाडाला नवा नाही. नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये कारंज्याला सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चोख कापूस मिळावा, हा त्यामागचा एक हेतू होता. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला होता, असं कोणी समजू नये. तरी मुद्दा उरतोच. मुक्त व्यापाराचा घोष करणाऱ्यांनाही नियमांशिवाय बाजार चालवता आला नाही. अडत्या, खरेदीदार आणि काटा एकाच बाजूचे झाले, की त्या व्यवहाराला स्पर्धा म्हणत नाहीत, आणि स्मिथची सारी मांडणी स्पर्धेवर उभी आहे.

आता अर्थशास्त्राबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘संपत्ती म्हणजे सोनं-नाणं’: ही समजूत स्मिथनं खोडली, त्याच्या लेखी देशाची संपत्ती म्हणजे श्रमातून दरवर्षी निघणारं उत्पन्न. ‘अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त पुस्तकातच राहिला’: पुण्याच्या मुलखात इंग्रज अधिकारी प्रिंगलनं त्याच्याच आधारे शेतसारा ठरवला, तो फसला, 1835 नंतर इंदापुरातून विंगेट-गोल्डस्मिड यांची पद्धत आली आणि तिचाच नमुना पुढे वऱ्हाडात लागला. ‘मराठीला हा विषय उशिरा कळला’: लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ 1849 चं आहे. ‘रानड्यांनी स्मिथला मोडीत काढलं’: 1892 च्या पुण्यातल्या व्याख्यानात त्यांनी एवढंच ठासून सांगितलं की अर्थशास्त्राचे नियम देशकाल पाहून लावावे लागतात. बाजारभावाच्या वादात स्मिथची साक्ष काढणाऱ्यांनीही तेवढं पथ्य पाळावं.