तोडीची पाळी

सूरत म्हटले की मराठी माणसास जरीचे पदर आठवतात, हिऱ्यांना पैलू पाडणारी कसबी माणसे आठवतात आणि १६६४ व १६७० या सालच्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. पण शहर मागे टाकून पूर्वेस बारडोलीच्या वाटेला लागावे, म्हणजे निराळीच सूरत दिसू लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे मळे उभे असतात. या उसाची साखर करणारे कारखाने शेतकऱ्यांनी सहकाराने उभारलेले आहेत. गुजरातीत त्यांना ‘खांड उद्योग मंडळी’ असे म्हणतात. खांड म्हणजे साखर. हजारो शेतकऱ्यांनी मिळून एकच घाणा चालवावयाचा, ही गोष्ट बोलावयास सोपी आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

एकजुटीचा धडा या भागास नवा नव्हता. सारावाढीविरुद्ध १९२८ साली बारडोली तालुक्याने वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, त्याचे सारे बळ कोणीही एकट्याने फुटून सारा भरावयाचा नाही, या निश्चयात होते. पुढे १९५० नंतरच्या दशकात तापी नदीवर काकरापार येथे बंधारा झाला, कालव्यांचे पाणी शेतात खेळू लागले आणि उसाचे पीक वाढले. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झालाच होता. त्याच दशकात बारडोलीच्या शेतकऱ्यांनीही आपला कारखाना उभा केला.

कारखाना सर्वांचा झाला, तरी त्याची गाळपाची शक्ती ठरलेली असते. अमुक टनांहून अधिक ऊस तो एका दिवसात गाळू शकत नाही. उलट शेतातील ऊस मात्र थोड्याफार अंतराने एकाच सुमारास पक्व होतो. त्यातून उसाचा स्वभाव असा, की तोडल्यावर तो थांबत नाही. एका दिवसाच्या आत तो गाळला गेला नाही, तर त्यातील साखर घटू लागते आणि उतारा खाली येतो. प्रत्येकाने आपल्या सोयीने तोड केली, तर कारखान्याच्या दाराशी ऊस वाळत पडेल. कोणीच वेळेवर तोड केली नाही, तर गव्हाण रिकामी राहील आणि पेटलेल्या भट्ट्या वाया जातील. दोन्ही प्रकारांत नुकसान एकट्याचे होत नाही, सर्वांचे होते.

यावर उपाय म्हणजे पाळी. लागण केव्हा झाली, ऊस कोणत्या जातीचा, क्षेत्र किती, याची नोंद कारखान्याकडे आधीच केलेली असते. त्या नोंदीवरून तोडीचा क्रम लागतो. तोडणाऱ्यांची टोळी आणि वाहन कारखानाच पाठवितो. म्हणजे आपल्याच शेतातील पीक कोणत्या दिवशी कापावयाचे, हा शेतकऱ्याचा परंपरागत अधिकार त्याने स्वखुशीने संस्थेच्या स्वाधीन केलेला असतो. सहकाराची खरी किंमत भागभांडवलाच्या रकमेत नसून या त्यागात आहे.

परंतु केवळ त्यागावर कोणतीही संस्था फार काळ चालत नाही. ज्याची पाळी अखेरीस येते, त्याचा ऊस उन्हाळ्याच्या तोंडी शेतातच उभा असतो. तो सुकतो, वजनास कमी भरतो आणि पुढील पिकासही उशीर होतो. म्हणून हे कारखाने महिनावार भाव ठरवितात. उशिरा तोडल्या जाणाऱ्या उसास टनामागे अधिक पैसे देतात. वाट पाहणाऱ्याचा तोटा सर्वांनी मिळून भरून काढावयाचा, असा हा न्याय आहे. तो नसता, तर वशिल्याने पाळी पुढे ओढण्याची चढाओढ लागली असती आणि नोंदवही नावापुरतीच उरली असती. उसाचे चिपाड भट्टीत जाळून त्यावरच कारखाना चालतो आणि मळी विकली जाते. त्या बचतीचा व उत्पन्नाचा लाभही अखेर उसाच्या भावातून सभासदांनाच मिळतो.

येथपर्यंतचा हिशेब चोख आहे. पण शेत आणि गव्हाण यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा आहे. तोडीच्या टोळ्या येतात त्या डांगच्या डोंगरांतून आणि आपल्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाची ओळख हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, लेकरांसह कोप्यांत राहावयाचे, वाहन येईल तेव्हा मोळ्या भरावयाच्या आणि उचल फिटेपर्यंत राबावयाचे, असा त्यांचा हंगाम जातो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीच्या कारखान्यांविषयी लिहिताना उसाबरोबर मजूरही गाळला जातो, हे निदर्शनास आणले होते. गुजरात सरकारने २०२३ साली तोडणीचा किमान दर टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. वाढ दुपटीची आहे. पण ही रक्कम एका माणसाच्या नव्हे, तर टनभर ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून वाहनात चढविणाऱ्या जोडीच्या श्रमाची आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

सभासदाचा ऊस उशिरा तुटला, तर त्याचा तोटा वहीत मांडला जातो, कारण त्यास सभेत एक मत असते. वाहनाची वाट पाहत रात्र काढणाऱ्या जोडीचा खोळंबा मात्र कोणत्याच वहीत नसतो, कारण सभेच्या यादीत तिचे नावच नाही. पाळी लावण्याची आणि थांबणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची विद्या या मंडळींनी स्वतःच्या बळावर सिद्ध केली आहे. तीच विद्या कोयत्याच्या हिशेबास लावणे त्यांना अवघड जाऊ नये. सामाईक घाण्यात कोणाकोणाचा वाटा धरला जातो, यावरच त्या सहकाराचे मोल ठरावयाचे आहे.