नारळ असा फुटत नाही

रॉबर्ट बॅलेंटाईन या स्कॉटिश लेखकाची ‘द कोरल आयलंड’ ही कादंबरी १८५७ साली आली आणि पुढची कित्येक दशकं इंग्लंडमधल्या मुलांनी ती वाचली. जहाज फुटतं आणि राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन मुलं प्रशांत महासागरातल्या एका बेटावर अडकतात. तहान लागल्यावर ती माडावरचे नारळ काढतात, चाकूचं टोक टोचून भोक पाडतात आणि पाणी पितात.

वसईच्या वाडीत वाढलेलं कुठलंही मूल या ओळीवर थांबेल. झाडावरच्या नारळाला आधी काथ्याचं जाड आवरण असतं. शहाळं असेल तर ते कोयत्याने तासावं लागतं, पिकलेला नारळ असेल तर जमिनीत रोवलेल्या पहारीवर सोलावा लागतो. करवंटी लागते ती त्यानंतर. बॅलेंटाईनने लिहिण्याआधी चौकशी केली होती, पण नारळ पाहिला होता तो विलायतेतल्या दुकानात, सोललेला. झाडालाही तो तसाच लागतो, अशी त्याची समजूत होती. चूक लक्षात आल्यावर तो इतका खजील झाला की, यापुढे शक्य तिथे कथेच्या जागी स्वतः जाऊनच लिहायचं, असं त्याने ठरवलं. पुढच्या कादंबऱ्यांसाठी तो दीपगृहांत राहिला, खाणींत उतरला. हे सगळं त्याने आत्मकथनात मोकळेपणाने सांगितलं आहे.

समजा, आठवीतल्या एखाद्या विद्यार्थिनीने ही गोष्ट वाचली आणि वहीत लिहिलं, ‘नारळ असा फुटत नाही.’ शाळेत तिला किती गुण मिळतील?

पुस्तकावर लिहायला सांगितलं की आपल्याकडे साचा ठरलेला असतो. लेखकाचं नाव, पात्रांची नावं, आठ-दहा ओळींत कथानक आणि शेवटी ‘या पुस्तकातून मला धाडसाची शिकवण मिळाली’. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो आणि तो असणं चांगलंच आहे. पण त्याचीही तयार उत्तरं मार्गदर्शकांत छापून येतात आणि मुलं ती पाठ करतात. स्वतःचं मत पाठ करायचं, ही वेळ मुलांवर येऊ नये.

वाचकाचा प्रतिसाद म्हणजे काय, याचा नेटका विचार अमेरिकेतल्या लुईस रोझेनब्लाट या अभ्यासक बाईंनी १९३८ साली ‘लिटरेचर अ‍ॅज एक्स्प्लोरेशन’ या पुस्तकात मांडला. पुस्तकाचा अर्थ कागदावर तयार पडलेला नसतो, वाचणाऱ्याचं आयुष्य आणि लिहिलेला मजकूर यांच्या देवाणघेवाणीत तो घडतो, हे त्यांचं म्हणणं. पुढे त्यांनी वाचनाचे दोन प्रकार सांगितले. मुलाच्या पोटात विषारी औषध गेलं आहे आणि आई बाटलीवरचा उतारा वाचते आहे, तेव्हा तिला फक्त माहिती हवी असते. कथा-कविता वाचताना मात्र वाचता वाचता मनात काय चाललं आहे, तेच महत्त्वाचं असतं. साहसकथा वाचून झालेल्या मुलाला ‘नायकाच्या मित्राचे नाव काय?’ एवढंच विचारणं म्हणजे त्याला कादंबरी बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी वाचायला लावणं.

मराठी मुलांना साहसाची गोडी लावणाऱ्या लेखकांत भा. रा. भागवतांचं नाव पहिल्या रांगेत येतं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, घडवला. काटकुळा, सायकलवर भन्नाट सुटणारा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा मुलगा दूरच्या साम्राज्याचा वारस नव्हता. शेजारच्या बाकावर बसेल असा होता, म्हणून वाचणाऱ्याला ‘मी असतो तर?’ हा प्रश्न सहज पडायचा. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ ही नावं ऐकली तरी चाळिशीपुढच्या अनेकांना सुट्टीतली दुपार आठवते. दूरदर्शनवर त्याची मालिका झाली, २०१७ साली चित्रपटही आला.

आजच्या वसई-विरारच्या मुलाकडे या पुस्तकांशी बोलायला भरपूर आहे. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, वसईतल्या मिठागरात माणसं अडकली, वीज गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही या भागात झाडं पडली आणि घरं अंधारात राहिली. हे अनुभवलेलं मूल कादंबरीतलं वादळ वाचेल तेव्हा त्याला नेमके प्रश्न पडतील. या मुलांनी पिण्याचं पाणी कुठून आणलं? घरच्यांना निरोप कसा दिला? कादंबरीत किल्ल्यावर चढाई असेल, तर वसईच्या किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला अरुंद गोल जिना पाहिलेला मुलगा सांगू शकेल की, अशा जिन्यावर तलवार घेऊन धावता येतं की नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये सुरुंग लावून याच किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडलं, हे त्याला पाठ्यपुस्तकाबाहेरही ठाऊक असतं. अर्नाळ्याच्या बेटावरच्या किंवा पाणजूच्या मुलाला होडीचा प्रवास नवा नाही. भरती-ओहोटीचा हिशेब चुकलेली साहसकथा त्याला लगेच पकडता येईल.

यातली कित्येक मुलं घरी वाडवळी किंवा कादोडी बोलतात, कुणी भोजपुरी, कुणी गुजराती. निबंधाच्या मराठीत त्यांचं म्हणणं अनेकदा अडून बसतं. पहिला प्रतिसाद बोलून घेतला, तोही घरच्या बोलीत, तर जे कागदावर येत नाही ते ऐकायला मिळेल.

पुस्तकाशी असहमत होणं हाही वाचनाचा परिपाक आहे. सॉल्झबरीच्या शाळेत शिकवणाऱ्या विल्यम गोल्डिंगला ‘कोरल आयलंड’मधली शहाणी, नीटनेटकी मुलं पटली नाहीत. निर्जन बेटावर मुलं खरोखर कशी वागतील, हे लिहून पाहावं असं त्याच्या मनाने घेतलं. १९५४ साली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आली. तिच्यातल्या दोन मुख्य मुलांची नावं राल्फ आणि जॅक हीच आहेत आणि शेवटच्या प्रकरणात बॅलेंटाईनच्या पुस्तकाचा उल्लेखही येतो. साहसकथेला दिलेलं एका वाचकाचं उत्तर स्वतंत्र कादंबरी होऊन उभं राहिलं आणि गोल्डिंगला १९८३ साली नोबेल मिळालं.

प्रत्येक मूल गोल्डिंग होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण ‘हे मला पटलं नाही, कारण…’ हे वाक्य पूर्ण करायची संधी प्रत्येकाला मिळायला हवी. शिक्षकांना वेळ कमी, वर्गात मुलं जास्त, ही अडचण खरी आहे. तरी पुस्तकाचा सारांश लिहून घेण्यापेक्षा एक नेमका प्रश्न विचारायला जास्त वेळ लागत नाही. पुस्तकांचीही फार अडचण नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात आणि त्यांत साहसकथा आहेत.

१५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. यंदा त्या दिवशी वसई-विरारच्या शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना शिकवण विचारू नये. या गोष्टीत काय खोटं वाटलं आणि तू तिथे असतास, असतीस तर काय केलं असतंस, एवढंच विचारावं आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.