सहावी पिन गेली कुठे?

जुना मोबाइल चार्जर उघडून बसलेल्या एका वाचकाने विचारले आहे : आठ पिनांच्या आयसीला सातच पिना कशा? तुटली म्हणावे, तर तशी खूणही नाही.

आयसी बहुधा टायनीस्विच जातीची असावी. त्यातली टीएनवाय२६४ घ्या. तिची पाचवी पिन म्हणजे आतल्या मॉसफेटचा ड्रेन. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. स्विचिंगच्या वेळी ड्रेनवर त्याहूनही जास्त येतात. सातवी-आठवी सोर्सच्या, म्हणजे ग्राउंडकडच्या. डीआयपीत शेजारच्या पिनांमध्ये जेमतेम २.५४ मिलिमीटर, धूळ आणि दमटपणा साचला की ठिणगीची धास्ती. म्हणून सहावी पिन ठेवलीच नाही. तिचा क्रमांक मात्र कुणालाच दिला नाही, पाचनंतर थेट सात!

आता ही आयसी सर्किट बोर्ड आखायच्या अल्टियम डिझायनर या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत काढा आणि ‘कंपोनंट रूल चेक’ चालवा. गाळलेल्या क्रमांकांच्या पर्यायावर टिक असेल, तर सहाच्या नावाने बोंब उठणारच. ही तपासणी म्हणजे वर्गातली हजेरी. सहा नंबर गैरहजर, एवढे तिला कळते. पोराने दांडी मारली की दाखला काढून नेला, हे कळत नाही. बीजीएमध्ये तर ओळींच्या अक्षरांतून ‘आय’ आणि ‘ओ’ मुद्दाम वगळतात, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. ‘एच’नंतर ‘जे’, आणि त्यात चूक काहीच नाही.

वैतागून सगळ्याच टिका काढून टाकणारे भेटतात. गाळलेल्या क्रमांकांची टिक त्या आयसीपुरती काढलीत तर माझी हरकत नाही. दुहेरी क्रमांकांची मात्र ठेवाच, कारण दोन वेगळ्या कामांच्या पिनांना चुकून एकच क्रमांक पडला, तर त्यांतली एक तार भलत्याच पॅडवर जाते आणि बोर्ड छापून आल्यावरच ते कळते.

‘लायब्ररी शंभर टक्के तपासलेली’ या जाहिरातींवर माझा विश्वास नाही, तो हजेरीतल्या प्रॉक्सीमुळे. सपाट बाजू समोर धरली तर बीसी५४७चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४चे एमिटर, बेस, कलेक्टर. क्रमांक दोघांचेही १, २, ३. एकाच्या जागी दुसरा बसवला तरी तपासणी बिनबोभाट पास. त्यात गंमत अशी, की उलटा ट्रान्झिस्टर अगदीच मरत नाही. गेन खूप घसरतो, पण थोडेफार काम चालते. आणि दुरुस्त करणारा बिचारा रेझिस्टर बदलत बसतो.