पहिलं पाऊल निर्जंतुक हवं

गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः अर्जुनी मोरगावच्या बाजूला, माजी मालगुजारी तलावांच्या काठांवर फिकट जांभळ्या फुलांचं बेशरम माजलेलं दिसतं. मूळ अमेरिका खंडातलं हे झुडूप आपल्याकडे शोभेसाठी आणि कुंपणासाठी आलं. ओल्या चिखलात त्याच्या फांदीचा तुकडा पडला तरी तो मूळ धरतो, आणि गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. याच तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज बाहेरून आणून सोडलं जाऊ लागलं आणि तलावांतले मूळचे मासे मागे पडले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायकांनी पाण्यात उतरून बेशरम मुळासकट उपटलं, त्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या. काय काढायचं ते डोळ्यांना दिसत होतं. परत काय लावायचं, कुठल्या पाण्यात देवधान हा रानभात उगवायचा, कुठला मासा कशाच्या आडोशाला राहायचा, हे मात्र ढिवरांमधल्या जुन्या जाणत्यांनाच विचारावं लागलं. तलाव आधी कसा होता हे सांगणारी माणसं होती, म्हणून दुरुस्तीला दिशा मिळाली. मंगळाबाबत असं सांगणारं कुणीच नाही. तिथे आपला जंतू रुजला, तर आधी काय होतं हे कुणाला विचारणार? अंतराळयानं निर्जंतुक करण्याच्या खटाटोपाकडे बघताना हा प्रश्न आधी मनात ठेवावा असं मला वाटतं.

या खटाटोपाला कायद्याचा आधार आहे. 1967च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमानुसार इतर ग्रहगोलांचं घातक दूषितीकरण टाळणं आणि तिथून आलेल्या पदार्थांमुळे पृथ्वीच्या पर्यावरणात होणारे अपायकारक बदल टाळणं, ही प्रत्येक सदस्य देशाची जबाबदारी आहे. भारताने 1982मध्ये या कराराला अनुसमर्थन दिलं. प्रत्यक्ष नियम ‘कोस्पार’ ही आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती ठरवते आणि ते सरसकट सारखे नाहीत. मंगळाभोवती नुसतं फिरणारं यान अनेक वर्षं मंगळावर कोसळणार नाही एवढी खात्री बहुतेकदा पुरते. मंगळावर उतरणाऱ्या यानावर मात्र उष्णतेला दाद न देणारे जास्तीत जास्त तीन लाख बीजाणू चालतात, आणि चौरस मीटरला सरासरी तीनशेच. तीन लाख हा आकडा मोठा वाटेल, पण शेतातल्या चिमूटभर मातीत त्याहून कितीतरी अधिक जीवाणू असतात. तिथवर पोचण्यासाठी यानाचे भाग भट्टीत तापवतात, अल्कोहोलने पुसतात, हवा गाळून घेतलेल्या कक्षात अंगभर झगे घातलेली माणसं ते जोडतात आणि फाह्याने पृष्ठभाग पुसून त्यावरचे जंतू वाढवून मोजतात.

एवढं करूनही काही जंतू उरतातच, आणि जे उरतात ते सगळ्यात चिवट असतात. मंगळावर जाणाऱ्या फिनिक्स यानाची जुळणी चालली होती तेव्हा फ्लोरिडातल्या कक्षात एक जीवाणू सापडला. पुढे हजारो किलोमीटरवरच्या फ्रेंच गयानातल्या कक्षातही तोच मिळाला. पराग वैशंपायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013मध्ये त्याला टर्सिकॉकस फिनिसिस या नव्या नावाने नोंदवलं. अशाच कक्षांतले काही असिनेटोबॅक्टर जीवाणू तर सफाईसाठी वापरलेलं अल्कोहोलच अन्न म्हणून पचवू शकतात, असं पुढे दिसून आलं. म्हणजे आपली सफाईच नकळत निवड करते आणि मंगळप्रवासाला सर्वांत योग्य असे प्रवासी मागे ठेवते.

स्वच्छतेचा हा आग्रह परग्रहाबद्दलच्या आदरापोटी आहे असं अनेकांना वाटतं. तो आदर मलाही हवा, पण याहून सबळ कारण वेगळं आहे आणि ते व्हायकिंग या मंगळमोहिमेच्या कथेत दिसतं. 1975मध्ये निघालेली व्हायकिंगची दोन्ही अवतरण यानं निघण्यापूर्वी शंभर अंश सेल्सियसहून जास्त तापमानात तीसेक तास शेकून घेतली होती. आजवर इतकी कडक शुद्धी क्वचितच कुणी केली असेल. 1976मध्ये मंगळाची माती तापवून पाहिली तेव्हा उपकरणाला क्लोरिनयुक्त सेंद्रिय वायूंचा अगदी किंचित अंश मिळाला. संशोधकांनी तो पृथ्वीवरून आलेल्या सफाईच्या द्रावणांचा अवशेष मानला आणि बाजूला ठेवला. मंगळावर सेंद्रिय पदार्थ नाहीत, हा निष्कर्ष पुढे तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. 2008मध्ये फिनिक्सला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. तापवल्यावर हे क्षार सेंद्रिय पदार्थ जाळून नेमके तसलेच वायू देऊ शकतात. मग 2010मध्ये काही संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा उलगडल्या आणि म्हटलं की तो अंश कदाचित मंगळाचाच असावा. वाद अजून मिटलेला नाही. इथे प्रश्न रसायनाचा होता, जंतूचा नव्हता. पण आपल्याबरोबर गेलेल्या अंशाचा नुसता संशय एका पिढीला खऱ्या पुराव्यापासून दूर ठेवू शकतो, हे त्यातून कळतं. तिथे एखादा जिवंत जंतू मिळाला तर हा संशय किती पटींनी वाढेल?

याचं घरचं उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली झालेला प्रयोग. जीवसृष्टीची बीजं अवकाशातून येत असावीत, या फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या कल्पनेची परीक्षा घेण्यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून 2001मध्ये आणि मग 20 एप्रिल 2005 रोजी महाकाय फुगे सोडले गेले. दुसऱ्या फेरीत द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या सोळा निर्जंतुक, निर्वात पोलादी नळ्यांनी 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. नमुने हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे तपासले गेले. बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. त्यांतल्या तीन जीवाणूंच्या जाती नव्या होत्या, आणि अतिनील किरणांपुढे त्या आपल्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा जास्त टिकत. जॅनिबॅक्टर हॉयलेई, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई अशी त्यांची नावं. तरीही 2009मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोने स्वच्छ शब्दांत सांगितलं की जीवाणूंचा पृथ्वीबाहेरचा उगम यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे बॅसिलस आर्यभट्टाईच्या जातीचे जीवाणू पृथ्वीवरच्या मातीत, अगदी चहाच्या झुडपांच्या मुळांजवळही सापडले. प्रयोग काटेकोर होता आणि शास्त्रज्ञांनी दाखवलेला संयम अभिमान वाटावा असाच होता. पण ज्या ग्रहावर जीवन ओतप्रोत भरलं आहे तिथून नमुने गोळा केले की उत्तराला कायमची शंका चिकटते. मंगळाकडून आपली अपेक्षा आहे ती अशी शंका न उरणाऱ्या उत्तराची, आणि ते मिळण्याची संधी पहिल्या भेटीतच सर्वाधिक असते.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की मंगळावर अतिनील किरण, थंडी आणि कोरडेपणा इतका आहे की आपला जंतू तिथे टिकणार नाही. उघड्यावर हे बहुतांशी खरं. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर ठेवलेले बॅसिलस प्युमिलसचे बीजाणू दीड वर्षाने तपासले, तर सूर्यकिरणांपासून आडोसा मिळालेल्यांपैकी बरेच जिवंत होते. असा आडोसा मंगळाच्या धुळीतही मिळतो. दुसरा आक्षेप अधिक बिनतोड वाटतो: उल्का आदळून उडालेले मंगळाचे दगड पृथ्वीवर येतातच, मग निसर्ग जे करतो त्याची आपण एवढी भीती का बाळगावी? पण उल्केतून जंतू आले-गेले असतील, तर मंगळावरचं जीवन आपलंच दूरचं भावंड निघेल, आणि ते कालपरवा यानातून गेलेल्या जंतूपासून वेगळं ओळखणं आणखी कठीण होईल. हा आक्षेप सावधगिरीची गरज वाढवतो. पुढेमागे माणसंच तिथे जाणार आणि आपल्या पोटातले कोट्यवधी जंतू घेऊन जाणार, हा युक्तिवाद मला खरा वाटतो. म्हणूनच माणूस जाण्यापूर्वीची वर्षं मोलाची आहेत. खर्चाचा मुद्दा भारतासारख्या देशाला लागतोच, पण कोस्पारचे नियम जोखमीच्या प्रमाणात बसवलेले आहेत. मंगळयानाला व्हायकिंगसारखं भट्टीत घालावं लागलं नव्हतं.

परतीच्या वाटेवरची काळजीही तेवढीच खरी. अपोलो 11च्या चांद्रवीरांना तीन आठवडे विलगीकरणात ठेवलं होतं, पण समुद्रात उतरताच यानाचं दार उघडलं आणि आतली हवा पॅसिफिकवर मोकळी झाली. जपानने र्युगू लघुग्रहावरून अत्यंत काळजीने आणलेल्या एका कणावरही पृथ्वीवरचे जंतू वाढल्याचं ब्रिटिश संशोधकांनी 2024मध्ये दाखवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-4 मोहिमेला मंजुरी दिली. चंद्राची माती पृथ्वीवर आणणं हे तिचं काम आहे. चांद्रमातीसाठी कडक विलगीकरणाचा नियम नाही, म्हणून ही शिस्त शिकायला ती उत्तम शाळा ठरेल. जुळणीच्या प्रत्येक कक्षातून, पहिला भाग आत येण्याच्या दिवसापासून उड्डाणापर्यंत, ठरावीक अंतराने फाहे घ्यावेत. त्यांवरचे जीवाणू ओळखून गोठवून ठेवावेत. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, तिथे त्यांचा कायमचा साठा व्हावा आणि त्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. पुढे मंगळावर उतरणारं भारतीय यान बांधायला घेतलं जाईल, तेव्हा आपल्या कक्षांत नेहमी कोण वस्तीला असतं याची अनेक वर्षांची नोंद हाताशी असेल, आणि तिथल्या मातीत काही हललं तर ते या यादीशी ताडून पाहता येईल.