दुर्बिणीतून निसटणारा आजार

‘दुर्बीण टाकून पाहिली, सगळं ठीक आहे,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आपला जीव भांड्यात पडतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एंडोस्कोपीच्या कॅमेऱ्याला दिसतो तो अस्तराचा रंग, सूज, जखम किंवा गाठ. पेशींमध्ये बिघाड नुकताच सुरू झालेला असेल, तर अस्तर वरून धडधाकट दिसू शकतं.

‘बॅरेट्स इसोफॅगस’ या विकारात हीच अडचण येते. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं, तर काहींच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागातलं अस्तर बदलतं. त्यातल्या थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो, पण नेमका कोणाला, हे वरून कळत नाही. म्हणून ठरावीक काळाने दर एक-दोन सेंटिमीटरवर चारही बाजूंनी बारीक तुकडे काढून तपासतात. शेतातल्या मातीचे नमुने घ्यावेत, तसाच हा प्रकार. दोन नमुन्यांच्या मधला बिघाड राहून जाऊ शकतो.

मॉलिक्युलर इमेजिंगचा रोख इथेच आहे. ठरावीक रेणूलाच चिकटणारा पदार्थ घ्यायचा, त्याला चमकणारा रंग जोडायचा, तो अस्तरावर फवारायचा आणि विशिष्ट प्रकाशात पाहायचं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्यासाठी गव्हाच्या अंकुरातलं एक प्रथिन वापरलं. ते पेशींवरच्या शर्करेला चिकटतं. पेशी कर्करोगाकडे झुकू लागल्या की ही शर्करा कमी होते. त्यामुळे इथे चमकतो तो निरोगी भाग. संशय घ्यायचा तो अंधाऱ्या डागाचा! हा प्रयोग मात्र शस्त्रक्रियेने काढलेल्या अन्ननलिकांवर झाला होता.

मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते जर्मनीतल्या एर्लांगेनचं काम. क्रोन्स या आतड्याच्या आजारात ‘टीएनएफ’ हा दाह वाढवणारा रेणू रोखणारी इंजेक्शनं देतात. ती महाग असतात आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. शिवाय शरीरात दबून बसलेला क्षय त्यांच्यामुळे उफाळू शकतो, आणि आपल्याकडे ही भीती लहान नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २५ रुग्णांच्या आतड्यात हेच औषध रंग जोडून फवारलं आणि सूक्ष्मदर्शक बसवलेल्या दुर्बिणीतून किती पेशी चमकतात ते पाहिलं. मग उपचार सुरू केले. ज्यांच्यात भरपूर पेशी चमकल्या, त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांना बाराव्या आठवड्यापर्यंत गुण आला. कमी चमकलेल्यांत हे प्रमाण अवघं १५ टक्के होतं. म्हणजे औषध लागू पडेल का, याचा अंदाज पहिल्या इंजेक्शनाआधीच बांधता येऊ शकतो.

अर्थात २५ हा आकडा लहान आहे. प्रत्येक चमकत्या पदार्थाला औषधासारखीच सुरक्षिततेची परीक्षा द्यावी लागते, यंत्रंही महाग. त्यामुळे ही तपासणी अजून नेहमीच्या रुग्णालयांत पोहोचलेली नाही. तुकडा काढून तपासणं काही सुटलेलं नाही, आणि डॉक्टरांनी बायोप्सी घेतली म्हणजे कर्करोगच असणार, असंही नाही.

या तंत्राचा एक जुना, स्वस्त भाऊबंद मात्र आजही कामाला येतो: आयोडीनचा फवारा. अन्ननलिकेचं निरोगी अस्तर त्याने तपकिरी होतं, कारण त्या पेशींत ग्लायकोजेनचा साठा असतो. बिघडलेली जागा फिकट राहते. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग जास्त आढळतो, तंबाखूशी जोडलेला, तो शोधताना हाच फिकट डाग डॉक्टरांना तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते दाखवतो.