कॅम्परचं वजन नेमकं कुठं बसतं?

चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमध्ये चार महिने काढलेल्या माणसाला वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनचं वजन हातानं कळतं. इथल्या कितीतरी घरांत पिण्याचं पाणी त्याच कॅनमधून येतं. असा भरलेला कॅन जमिनीवरून उचलायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोरात एक टनाचा कॅम्पर ट्रेलर सपाट डांबरी रस्त्यावर हळूहळू पुढं सरकत राहतो. टायरात हवा नीट असली की चाकांवरचं ओझं चालतं ठेवायला त्याच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो. टनाला फक्त दहा-पंधरा किलो!

मग मोटारीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनावर एवढी कडक मर्यादा का असते? शोळिंगनल्लूरमधून जाणाऱ्या ओएमआर रस्त्याच्या सपाटीवर याचं उत्तर सापडत नाही. त्यासाठी सेलमजवळच्या येरकाडच्या घाटात जावं लागतं. वीस हेअरपिन वळणं आणि सुमारे बाराशे मीटरचा उतार. एक टन ओझं तेवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात साध्या पाण्याचे दोन कॅन, म्हणजे चाळीस लिटर पाणी, उकळीला येईल. यातली काही हवा आणि फिरणारे टायर खातात, काही गिअर खाली ठेवला तर इंजिन खातं. उरलेली सगळी ब्रेकच्या माथी. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर हा भार मोटारीच्या ब्रेकांवर पडतो, आणि त्यांना मोटारीचं स्वतःचं दीड-दोन टनाचं ओझं आधीच असतं. पुस्तिकेतला आकडा ठरवताना, मागचं वजन सगळ्यात वाईट जागी आवरता येईल का, हेही पाहिलेलं असतं.

पण मला खरं थक्क करतं ते ट्रेलरचं डोलणं. शोळिंगनल्लूरहून बकिंगहॅम कालवा ओलांडून अक्करैला ईसीआर या किनारी रस्त्यावर लागलं, की मामल्लपुरमपर्यंत रस्ता समुद्राला धरून जातो. दुपारनंतर समुद्रावरचा वारा थेट गाडीच्या बाजूवर बसतो. एका झोताबरोबर ट्रेलरची मागची बाजू जराशी सरकते आणि तो डावीकडं-उजवीकडं झुलू लागतो. वेग बेताचा असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जातो. वेग वाढवला की झोके विरायला जास्त वेळ लागतो. आणि मोटार-ट्रेलरच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो की त्याच्या पुढं गेलं तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. वारा कधीच थांबलेला असतो, ड्रायव्हरनं काही केलेलं नसतं, तरी झोके वाढतात! त्यांना ताकद मिळते ती मोटारीच्या पुढं धावण्यातूनच. म्हणून अशा वेळी वेग वाढवून गाडी सरळ करायला जाणं घातक. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोक्यामागं स्टिअरिंग फिरवायचं नाही.

हा धोक्याचा वेग किती, हे बऱ्याच अंशी सामान कसं रचलंय यावर ठरतं. मागं जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच होतं, पण तो ऐंशीच्या वेगानं धावत असताना. म्हणून ट्रेलरच्या वजनाचा काही भाग मोटारीच्या हुकावर दाबून राहावा लागतो. अमेरिकेत साधारण दहा ते पंधरा टक्के सांगतात, युरोपात पाच ते सात. आपल्यासाठी शेवटचा शब्द मोटारीच्या आणि हुकाच्या मर्यादेचा.

आता पुन्हा कॅनकडं येऊ. दोन भरलेले कॅन घ्या. एक चाकांच्या पुढं अर्ध्या मीटरवर, दुसरा मागं अर्ध्या मीटरवर ठेवा. मग तेच दोन्ही दीड-दीड मीटर लांब न्या. एकूण वजन तेच, हुकावरचा दाबही तोच. पण डोलू लागलेल्या ट्रेलरमध्ये ते कॅन आता नऊपट हट्टी झालेत. अंतर तिप्पट झालं की झोका न सोडण्याची त्यांची ताकद तिनाचा वर्ग होऊन वाढते. म्हणून जड सामान चाकांच्या वर, खाली फरशीवर. टोकांना फक्त गाद्या-पांघरुणं.

हुकावरचं वजन फार वाढवूनही चालत नाही. समजा मोटारीच्या दोन ॲक्सलमध्ये पावणेतीन मीटर अंतर आहे आणि हुक मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागं. हुकावर १०० किलो ठेवले तर मागच्या ॲक्सलवर १४० किलो वाढतात, कारण पुढच्या चाकांवरचे ४० उचलले गेलेले असतात. कोल्हापूर-सांगलीकडं उसाच्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हेच गणित पाहिलंय. शिवाय ते १०० किलो मोटारीच्या आतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वाट्यातूनच जातात. आतली क्षमता ५०० किलो असेल, तर पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा यांना ४००च उरतात.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून कॅम्पर घेऊन फिरायचे बेत मराठी घरांतही रंगतात, आणि ते रंगावेतच. फक्त पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं लिहिलं असेल, तर विषय तिथंच मिटला. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते. मंजूर वजनाच्या वर भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागं आणखी २,०००.

प्रवासाच्या आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीसकट सगळं भरून ट्रकच्या वजनकाट्यावर जा. आधी ट्रेलर सोडवून एकटा तोला. समजा ८०० किलो भरला. मग मोटारीला जोडा, सपाट उभा करा आणि फक्त त्याची चाकं काट्यावर घ्या. आता ७२० दिसले, तर हुकावर ८० किलो आहेत, म्हणजे दहा टक्के. मोठ्या काट्याची पावती पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं येते, तेवढा फरक धरून चाला. पण दुसऱ्यांदा ७८० दिसले, तर हुकावर वीसच किलो उरलेत. मागच्या कप्प्यातले कॅन आणि बॅटरी चाकांच्या पुढं घ्या आणि परत काट्यावर चढा.