अभयारण्याची हद्द

अभयारण्याची हद्द रानात आखली जात नाही, ती राजपत्रात ठरते. कोल्हापूर संस्थानच्या राखीव शिकारी जंगलात १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झाले. १९८५ मध्ये हद्द वाढून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकाराला आले.

हद्द वाढते, तशी घटतेही. सोलापूर-नगरचे माळढोक अभयारण्य १९७९ साली तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे जाहीर झाले. माळरानांबरोबर गावे आणि बागायती शेतेही त्यात आली. शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडले. माळढोक मात्र कमीच होत गेला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले.

असा बदल सोपा नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६-अ प्रमाणे पूर्वी त्यासाठी विधिमंडळाचा ठराव लागे; २००२ च्या दुरुस्तीपासून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. ही अट हवीच, नाहीतर खाणीसाठी किंवा धरणासाठी कोणतीही हद्द सहज सरकेल. म्हणूनच पहिली रेघ ओढतानाच प्राण्याचा वावर आणि माणसाचा सातबारा, दोन्ही पाहायला हवेत. चुकलेली रेघ पुसायला दिल्ली गाठावी लागते, आणि तोवर पक्षी थांबत नाही.